मुरलेल्या खेळात नवे पत्ते

एखादा बोर्ड गेम घरात रुळला की दोन-चार महिन्यांत माणूस दुकानात पुन्हा त्याच नावापाशी येऊन थांबतो. या वेळी नावापुढे आणखी एक शब्द असतो, डबा जरा लहान असतो आणि किंमत मात्र डब्याच्या मानाने लहान नसते. हे एक्स्पान्शन, म्हणजे खेळाची पुरवणी. काही नवे पत्ते, काही नव्या सोंगट्या, चार-दोन नवे नियम. बहुतेक वेळा नुसत्या पुरवणीचा उपयोग शून्य. मूळ खेळ घरात असेल तरच ती कामाची. विकणाऱ्याला यापेक्षा हुकमी गिऱ्हाईक मिळणार नाही, कारण खेळ आवडल्याची खात्री झालेला माणूसच ती मागायला येतो.

चढाओढीच्या, डोक्याचा भुगा करणाऱ्या खेळांना पुरवण्या लावायला माझी काहीच हरकत नाही. ज्याला अवघडच हवंय, त्याला आणखी अवघड मिळालं तर तो खूशच होणार. अडतं ते निवांत खेळांपाशी. जेवणं झाल्यावर, पंखा लावून, दोघा-चौघांनी गप्पा मारत खेळायचे खेळ, ज्यात हरलं तरी कोणाचं तोंड उतरत नाही. अशा खेळात भर घातली तर तो अधिक चांगला होतो का? याचं उत्तर देण्याआधी तो मुळात निवांत कशाने झाला होता, हे बघायला हवं. बहुतेक लोक ही पायरी गाळतात आणि थेट नव्या डब्यात काय-काय आहे ते सांगू लागतात.

उदाहरणाला विंगस्पॅन घेऊ. एलिझाबेथ हार्ग्रेव्ह या अमेरिकन बाईंनी रचलेला आणि स्टोनमायर गेम्सने 2019 मध्ये काढलेला हा पक्ष्यांचा खेळ. त्याच वर्षी त्याला जर्मनीतला 'केनरश्पील देस यारेस' हा पुरस्कार मिळाला. बोर्ड गेमच्या दुनियेत जर्मनीतल्या पुरस्कारांना फार मान आहे. तिथे एक पुरस्कार घरगुती, कोणालाही खेळता येईल अशा खेळाला देतात आणि दुसरा जरा सरावलेल्या लोकांच्या खेळाला. विंगस्पॅनला मिळाला तो दुसरा. लोक निवांत खेळांची नावं घेताना विंगस्पॅन हमखास घेतात, पण परीक्षकांनी मात्र त्याला सोप्या खेळांत बसवलेलं नाही. दोघांचंही बरोबर आहे, आणि ते कसं हे सांगण्यातच पुढचं सगळं येतं.

प्रत्येक खेळाडूपुढे एक पट असतो. त्यावर जंगल, गवताळ माळ आणि पाणथळ अशा तीन ओळी, ओळीत पाच-पाच घरं. हातात पक्ष्यांचे पत्ते. मूळ डब्यात असे 170 पक्षी, उत्तर अमेरिकेतले. प्रत्येकाचं वेगळं रंगीत चित्र आणि पंखांची लांबी सेंटिमीटरमध्ये. चालीला चारपैकी एकच काम करायचं: पक्षी मांडायचा, खाणं मिळवायचं, अंडी घालायची किंवा नवे पत्ते उचलायचे. डाव चार फेऱ्यांचा. पहिल्या फेरीत आठ चाली, मग सात, मग सहा, शेवटी पाच. सगळ्या मिळून 26. मग गुण मोजायचे आणि चहा ठेवायचा.

हे असं सांगितलं की सोपं वाटतं. पण पहिला डाव कोणालाच निवांत जात नाही. पत्त्याच्या कोपऱ्यात खाण्याची चिन्हं, त्याखाली घरट्याचा प्रकार, अंडी किती मावतात त्याची मर्यादा, पक्षी कोणत्या ओळीत बसतो त्याची खूण आणि तळाला तो पक्षी काय करतो ते सांगणारा मजकूर, तोही इंग्रजीत आणि बारीक टायपात. एखाद्या घरातल्या आईच्या हातात असे पाच पत्ते द्या. ती कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर आणते, एकेक पत्ता लांब धरून वाचते आणि पाचवा वाचून होईपर्यंत पहिल्यात काय होतं ते विसरते. तेवढ्यात कोणीतरी म्हणतं, "आई, तुझी चाल." चेहऱ्यावर परीक्षेचा ताण.

तीच आई वर्षभराने खेळताना बघा. जंगलाच्या ओळीत लाकडी ठोकळा ठेवते. ताटलीतले फासे संपलेले असतात, म्हणून पाचही फासे पुठ्ठ्याच्या मनोऱ्यात वरून सोडते. ते खडखडत खाली येतात, त्यातला उंदराचा उचलते. मग ठोकळा उजवीकडून डावीकडे एकेका पक्ष्यावरून सरकवत नेते आणि ज्याचं त्याचं देणं घेत जाते: इथे एक दाणा, तिथे एक पत्ता. घुबडापाशी आली की गड्डीतला वरचा पत्ता उलटते. त्या पक्ष्याचे पंख 75 सेंटिमीटरपेक्षा कमी भरले तर ती घुबडाची शिकार, पत्ता त्याच्याखाली सरकवायचा. जास्त भरले तर पत्ता बाजूला टाकायचा. हे हातांनी चालू असताना तोंडाने शेजारच्यांच्या लग्नातल्या मानापमानाची हकिकत चालू असते आणि ती कुठेही तुटत नाही.

नियम तेवढेच आहेत. पत्ते तेच आहेत. वर्षभरापूर्वी जे डोक्यात धरावं लागत होतं, ते आता हातांत उतरलंय. घुबडाचा पत्ता दिसला की तो वाचावा लागत नाही. चित्रावरूनच कळतं की आता गड्डीतला पत्ता उलटायचा. खेळ मुरला, आणि मुरल्यावर निवांत झाला. म्हणजे निवांतपणा डब्यातून येत नाही, तो खेळणाऱ्यांत हळूहळू साचतो. डबा फक्त त्याला साचू देतो किंवा देत नाही. विंगस्पॅन साचू देतो, कारण त्यात दुसरा तुमचं मांडलेलं मोडत नाही. तुमची अंडी कोणी फोडत नाही, तुमचा पक्षी कोणी उडवत नाही. तुम्ही आपल्या पटाकडे बघत बसलात तरी चालतं, आणि आपल्या पटाकडेच बघत बसल्यामुळे तो लवकर पाठ होतो.

हे एकदा मान्य केलं की पुरवणीचा प्रश्न वेगळा दिसू लागतो. पुरवणी म्हणजे पाठ झालेल्यात न पाठ झालेलं मिसळणं. मग विचारायचं एवढंच, की हे नवं किती लवकर मुरणार?

कधी-कधी ते टाकल्याक्षणी मुरतं. मे महिन्यात घरात पाहुणे वाढले आणि झब्बूला एक कॅट पुरेना झाला, की कपाटातून दुसरा कॅट निघतो. रमीलाही तेच. खेळाच्या साहित्यात सरळ दुप्पट भर, आणि एकही नवा नियम शिकावा लागत नाही, कारण दुसऱ्या कॅटमधला इस्पिकचा एक्का पहिल्यासारखाच असतो. फार तर बारा जणांच्या गोंगाटात कोण कोणाच्या गळ्यात काय घालतंय ते कळत नाही. एक्स्पान्शन हा शब्द घरात येण्याच्या कितीतरी आधीपासून आपण हे करत आलोय, आणि कधी कोणी विचारलं नाही की याने खेळ सुधारला का.

विंगस्पॅनचं पहिलं एक्स्पान्शन त्याच वर्षी, 2019 मध्ये आलं: युरोपातले 81 पक्षी आणि जोडीला 15 जांभळी अंडी. दिसायला हा दुसऱ्या कॅटचाच प्रकार. नवे पत्ते जुन्यांत मिसळायचे आणि खेळायला बसायचं. काही पक्ष्यांना फेरीच्या शेवटी काहीतरी करायची नवी सवलत आहे, तेवढाच काय तो नियमातला फरक, आणि तो दोन मिनिटांत सांगून होतो. परीक्षणांत या पुरवणीबद्दल फारसं वाईट कुठे वाचायला मिळत नाही. मूळ खेळ जसाच्या तसा राहतो, असं सगळे सांगतात. खरंच राहतो. पण निवांतपणाचं काय?

गड्डी आता 251 पत्त्यांची झाली. पहिली गोष्ट म्हणजे ती एका हातात मावत नाही. दोन ढीग करून पिसायची, मग अदलाबदल करून पुन्हा पिसायची. हा त्रास किरकोळ आहे, तो सोडून देऊ. खरा हिशेब पुढे आहे. दोघांच्या डावात दोघे मिळून साधारण पन्नास-साठ पत्ते बघतात. नुसता मूळ डबा असेल, तर कोणताही एक पक्षी सरासरीने दर तिसऱ्या डावाला कुठेतरी भेटतो. युरोप मिसळला की तो चौथ्या-पाचव्या डावावर जातो. जे घर आठवड्याला दोन-तीन डाव टाकतं, त्याला याने काही फरक पडत नाही. दोन महिन्यांत युरोपही पाठ. पण जे घर महिन्यातून एकदा डबा काढतं, त्याला एकेक पक्षी वर्षातून दोन-तीनदाच भेटणार. एवढ्या विरळ भेटींत ओळख होत नाही. जुने पक्षी विस्मरणात जाऊ लागतात, नवे लक्षात राहत नाहीत, आणि चष्मा पुन्हा कपाळावरून खाली येतो. खेळ तोच राहिला, पण त्यातलं वाचन वाढलं. निवांत खेळात वाचन वाढणं म्हणजे काम वाढणं.

एक्स्पान्शनवर मत देणारे लोक बहुधा भरपूर खेळणारे असतात, ही गोष्ट इथे विसरून चालत नाही. त्यांना मूळ 170 पक्षी केव्हाच तोंडपाठ झालेले असतात, त्यातला कोणता भारी आणि कोणता फुकट हेही ठरलेलं असतं, म्हणून नवं काहीतरी हवंसं वाटतं. त्यांचं मत त्यांच्यापुरतं खरं. महिन्याला एक डाव खेळणाऱ्याने ते वाचून डबा मागवला, तर तो भूक नसताना दुसऱ्याच्या भुकेच्या मापाने वाढून घेतो. त्याच्या घरातली मूळ गड्डी अजून संपलेलीच नसते.

मात्र मुरणं हेही एका मर्यादेपर्यंतच चांगलं. काही दिवसांनी खेळ इतका पाठ होतो की हात आपोआप चालतात आणि मन उठून निघून जातं. विंगस्पॅनमध्ये ही जागा कुठे आहे ते सरावलेल्या प्रत्येकाला माहीत आहे: शेवटची फेरी. अंड्याला एक गुण. गवताळ माळाची ओळ भरलेली असेल, तर एका चालीला चार अंडी मिळतात. शेवटच्या फेरीत पाच चाली, म्हणजे घरट्यांत जागा असेल तर सरळ वीस गुण. त्या वेळी नवा पक्षी मांडायचा म्हटलं, तर त्याचं खाणं जमवा, तो हातात असला पाहिजे, आधीची अंडी खर्चा. इतकं करून तेवढे गुण क्वचितच सुटतात. त्यामुळे शेवटची फेरी म्हणजे सगळे जण आळीपाळीने अंडी घालतायत असं दृश्य. पहिल्या काही महिन्यांत हे कोणाच्या लक्षात येत नाही. लक्षात आल्यावर मात्र दर डावाचा शेवट आधीच माहीत असलेला होतो. निवांतपणा आणि कंटाळा यांच्यात भिंत फार पातळ असते.

दुसरं एक्स्पान्शन, 2020 मधलं ओशिएनिया, नेमकं इथे हात घालतं. त्यात एमू, किवी, कूकाबुरा असे 95 नवे पक्षी आहेत, पण खरा बदल पक्ष्यांत नाही. खेळाडूचे पटच नवे दिलेत, फासे नवे दिलेत, आणि मध नावाचं एक नवं खाणं आणलंय. फुलांतला मध. मध कोणत्याही खाण्याच्या जागी चालतो: उंदीर हवा असेल तर उंदीर, मासा हवा असेल तर मासा. नव्या पटांवर अंड्यांची ओळ जरा उतरवलीय, म्हणजे शेवटी नुसती अंडी घालत बसण्याचा मोह कमी व्हावा. हाताशी मध असल्याने पक्षी मांडणं सोपं होतं, आणि शेवटच्या फेरीतही लोक पक्षी मांडू लागतात. आधीच्या खेळातली दुखरी नस बरोबर सापडलीय, यात वाद नाही.

पण मध नासतो. फेरी संपताना जो खर्च झाला नाही तो टाकून द्यायचा. आणि जो खर्च केला तो परत डब्यात जात नाही. ज्या ओळीत पक्षी मांडला त्या ओळीपाशी साठत राहतो. डावाच्या शेवटी प्रत्येक ओळीत कोणी सर्वांत जास्त मध खर्चला ते बघायचं. त्याला पाच गुण, दुसऱ्याला दोन. एवढ्या एका नियमाने खेळाची बैठक बदलते. आतापर्यंत आई आपल्या पटाकडे बघत होती. आता तिला समोरच्याच्या पटाकडे बघावं लागतं: याने पाणथळीत किती मध ओतला, आपण एक जास्त ओतला तर पुढे जाऊ का, का तो शेवटच्या चालीला आणखी एक ओतेल? शिवाय फेरी संपत आली की हातात नासणारा मध, म्हणून तो कुठेतरी लावून टाकायची घाई. लग्नाची हकिकत पहिल्यांदा मध्येच थांबते.

म्हणजे मधाने हाताला सैलपणा दिला आणि डोळ्यांना काम लावलं. माझ्या मते ओशिएनियाने विंगस्पॅन हा खेळ म्हणून नक्कीच सुधारला. ज्या घरात अंड्यांच्या फेरीचा कंटाळा आलाय, जिथे चौघेही गुणांवर नजर ठेवून खेळू लागलेत, तिथे ते घ्यावं. जिथे अजून कोणाच्या लक्षातच आलं नाही की शेवटी सगळे अंडी घालतात, तिथे ते नसलेल्या दुखण्यावर औषध आहे. आणि युरोपाइतकं ते सहज मागेही घेता येत नाही. युरोपचे पत्ते वेचून बाजूला काढले की खेळ होता तसा. ओशिएनियात पट आणि फासे धरून सगळी मांडणी बदलते, म्हणून त्या संध्याकाळी काय खेळायचं ते आधीच ठरवावं लागतं.

इतकं असूनही मध कधी ना कधी मुरतो, हे मान्य करायला हवं. आठ-दहा डावांनी समोरच्याच्या पटावर नजर टाकणंही सवयीचं होतं. काही पुरवण्या मात्र अशा असतात की त्या कितीही खेळा, मुरतच नाहीत, कारण त्यांतलं नवं दर वेळी दुसऱ्याच्या मर्जीवर असतं. याचं ठळक उदाहरण कार्कासोन. क्लाउस-युर्गेन व्रेडे या जर्मन गृहस्थांचा हा खेळ 2000 मध्ये आला. 72 चौकोनी टाइल्स, त्यांवर दक्षिण फ्रान्समधल्या गावांची तटबंदी, रस्ते, मठ, शेतं. एक टाइल उचला, जुळेल तिथे लावा, हवं तर आपला लाकडी माणूस त्यावर ठेवा. संपलं. टेबलावर हळूहळू एक मुलूख उभा राहतो आणि हरणाऱ्यालाही तो बघायला बरं वाटतं. या खेळाला पुरवण्या किती आल्या याची मोजदाद करत बसायला नको. त्यातली नदीची छोटी पुरवणी सुरुवातीलाच नदी वाहवून मुलूख पसरट करते, आणि पहिल्याच डावात मुरते. खाणावळी आणि कॅथेड्रलची पुरवणी 18 टाइल्सची. कॅथेड्रल असलेलं शहर पुरं झालं तर टाइलला दोनऐवजी तीन गुण, अपुरं राहिलं तर शून्य. थोडी धाकधूक वाढते, पण नियम एका वाक्यात बसतो.

मग 2005 मध्ये राजकन्या आणि ड्रॅगनची पुरवणी आली. ड्रॅगनचं चित्र असलेली टाइल निघाली की खेळाडूंनी पाळीपाळीने त्या लाकडी ड्रॅगनला एकेक पाऊल पुढे न्यायचं, एकूण सहा पावलं, आणि वाटेत जी माणसं सापडतील ती त्याने खाऊन टाकायची. दोन टाइल्स पलीकडे तुमचा माणूस अर्ध्या तासापासून एक शहर राखत उभा असतो, आणि ड्रॅगनचं पाऊल टाकायची पाळी तुमच्या मेहुण्याची असते. हे पाठ कसं होणार? मेहुणा दर वेळी वेगळा वागतो, आणि मागच्या वेळचं लक्षात ठेवून वागतो. 2006 मधल्या मनोऱ्याच्या पुरवणीत तर माणसं कैद होतात आणि तीन गुण मोजून सोडवून आणावी लागतात. या दोन्ही मजेदार आहेत. पण मूळ कार्कासोन ज्यासाठी काढत होतो ते त्यांच्यामुळे राहत नाही. मांडलेलं मोडणार नाही या भरवशावर तो खेळ उभा होता, आणि तो भरवसाच काढून घेतल्यावर कितीही सराव केला तरी पाठ टेकून बसता येत नाही.

तोकाइदोबद्दल थोडक्यात. आंत्वान बोझा या फ्रेंच रचनाकाराचा 2012 मधला हा खेळ क्योतोहून एदोला पायी जाण्याचा. रस्त्यावर जो सर्वांत मागे असेल त्याने चालायचं, हवं तिथे थांबायचं. भरभर पुढे गेलेल्याचे थांबे कमी होतात, रमतगमत जाणाऱ्याला जास्त मिळतात. खेळ आळशीपणालाच गुण देतो. कुठे थांबायचं हा एकच विचार, थांबल्यावर फारसं काही ठरवायचं नाही: गरम पाण्याचा झरा असला तर डुंबा, डोंगर दिसला तर चित्राचा एक तुकडा घ्या. क्रॉसरोड्स या पुरवणीत प्रत्येक थांब्यावर दोन वाटा येतात. शेतावर जाऊन पैसे मिळवायचे की जुगाराच्या अड्ड्यावर फासा टाकायचा, असं. पर्याय वाईट नाहीत, पण एका चालीत एकाच्या जागी दोन निर्णय आले, आणि खेळ जिथे श्वास सोडायला थांबत होता नेमकी तीच जागा भरली गेली. तोकाइदोत काहीच ठरवायला नसतं अशी तक्रार करणाऱ्यांना ही पुरवणी आवडते. त्यांना मुळात तोकाइदोच आवडला नव्हता, असं मला दबक्या आवाजात म्हणावंसं वाटतं.

पुरवण्या छापीलच असतात असं नाही. ल्युडो खेळायला कोणत्याही घरात जा, नियम सारखे नसतात. कुठे तीन सहा पडले की चाल बाद, कुठे मारल्याशिवाय घरात शिरता येत नाही. व्यापार खेळताना दंडाचे पैसे मध्ये जमवून ते कोणाला तरी देण्याची पद्धत एका घरात असते, दुसऱ्यात ऐकूनही माहीत नसते. या घरगुती पुरवण्या कोणी छापल्या नाहीत. त्या निघाल्या खेळता-खेळता, कुठेतरी अडलं म्हणून किंवा एक भाऊ फार जिंकतो म्हणून. त्या शिकवाव्या लागत नाहीत, कारण ज्यांना त्या लागू आहेत त्यांनीच त्या केल्यात. छापील पुरवणीला ही सोय नसते. ती तुमच्या घरातली अडचण न बघता तयार झालेली असते, आणि डबा येतो तो बहुधा खेळ गाजत असतानाच, म्हणजे बहुतेक घरांत अजून काही अडलेलं नसतानाच.

यावर कोणी म्हणेल, मला पाठ झालेलं नकोच. दिवसभराच्या कामाने डोकं भणभणत असताना, सगळं लक्ष खेचून घेईल असंच काहीतरी हवं, तोच माझा विरंगुळा. हे अगदी खरं असू शकतं. बुद्धिबळात बुडून जाणाऱ्या माणसाला तीन तास कसे गेले ते कळत नाही, आणि तो ताजातवाना होऊन उठतो. पण अशा माणसाने निवांत खेळाला पुरवण्या जोडून-जोडून त्याचं बुद्धिबळ करण्यात अर्थ नाही. त्याने सरळ दुसरा खेळ घ्यावा. मऊ भाताला तिखट लावत बसण्यापेक्षा मिसळ मागवलेली बरी.

राहिलं ते 2022 मधलं विंगस्पॅनचं एशिया, आणि ते आपल्याकडच्या खेळाडूंसाठी वेगळं पडतं. त्यात 90 पक्षी आहेत, आणि ते मूळ डब्याशिवायही एकट्याने किंवा दोघांनी खेळता येतं. पण आपल्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे त्यात मोर आहे, कोकीळ आहे, लालबुड्या बुलबुल आहे. अमेरिकेतले पक्षी आईला खेळातूनच ओळखीचे झाले होते. घुबड सोडलं तर त्यातलं तिने काही पाहिलेलं नव्हतं. बुलबुल तिच्या कढीपत्त्याच्या झाडावर रोज येतो. पत्त्यावर इंग्रजीत काय लिहिलंय ते वाचायच्या आत चित्राशी तिची ओळख झालेली असते, आणि तो काय खातो हे ती पत्त्याला सांगू शकते. नव्या पत्त्यांतही मुरलेपणा असू शकतो, जर तो खेळाच्या बाहेरून आला असेल तर. कॅनडातल्या घराला हा फायदा नाही, त्यांना तो मूळ डब्यातच मिळून गेला.

एशिया घेतलं तर ते बाकीच्यांत मिसळू नये, असं माझं मत आहे. चारही डबे एकत्र केले तर गड्डी 436 पत्त्यांची होते आणि बुलबुल वर येण्याची वाट बघण्यात महिने जातात. वेगळं ठेवलं तर नव्वद पत्त्यांत तो जवळजवळ दर दुसऱ्या डावाला भेटतो.